गळती की अडथळा? दात नसलेल्या, दाढी राखलेल्या रुग्णाच्या मास्क-वायुवीजनाचे एक प्रकरण

पूर्ण भूल दिल्यावर रुग्णाचा स्वतःचा श्वास थांबतो आणि श्वासनलिकेत ट्यूब जाऊन बसेपर्यंत, म्हणजे इंट्यूबेशन होईपर्यंत, त्याचे प्राण भूलतज्ज्ञाच्या हातातील मास्क आणि बॅग यांवर अवलंबून असतात. हा काळ बहुतेक वेळा इतका सहज निभावतो, की शिकणाऱ्या डॉक्टरांचे लक्ष पुढच्या पायरीकडे, म्हणजे लॅरिंगोस्कोप (स्वरयंत्र पाहण्याचे उपकरण) आणि ट्यूब यांच्याकडे लागलेले असते. मास्क धरणे सर्वांना येतेच, असे धरून चालण्याची सवय पडते. पुढील प्रकरण त्या सवयीची तपासणी करण्यासाठी लिहिले आहे. यातील रुग्ण ही कोणी एक व्यक्ती नाही. जिल्हा रुग्णालयाच्या शस्त्रक्रियागृहात नेहमी दिसणारी लक्षणे एकाच माणसात आणून, भूलशास्त्राचे निवासी डॉक्टर आणि शस्त्रक्रियागृहातील परिचारिका यांच्यासाठी हे अध्यापन-प्रकरण रचले आहे.

मास्कमधून दिलेली हवा फुप्फुसांत पोहोचत नसेल, तर बहुतांश वेळा दोनपैकी एक गोष्ट घडलेली असते. एक तर हवा मास्कच्या कडेने बाहेर निसटते, नाही तर घशात तिची वाट बंद झालेली असते. म्हणजे गळती तरी असते किंवा अडथळा तरी. या दोन्हींची चिन्हे वेगळी आहेत आणि उपायही वेगळे आहेत. बॅग अधिक जोराने दाबणे हा मात्र दोहोंपैकी कशावरचाही उपाय नाही. प्रस्तुत रुग्णात हे दोन्ही बिघाड एकापाठोपाठ एक समोर आले, आणि पहिल्याने दुसऱ्याला काही काळ झाकून ठेवले होते. म्हणून हे प्रकरण सविस्तर पाहण्यासारखे आहे.

रुग्ण आणि पूर्वतपासणी

रुग्ण ६६ वर्षांचे शेतकरी असून पित्ताशयातील खड्यांमुळे दुर्बिणीद्वारे पित्ताशय काढण्याची शस्त्रक्रिया ठरली होती. उंची १६८ सेंटिमीटर, वजन ९२ किलो, म्हणजे बीएमआय साधारण ३२.६. रक्तदाबासाठी अम्लोडिपिनची गोळी चालू होती. तोंडात एकही दात नव्हता. वरची आणि खालची अशी पूर्ण कवळी होती, पण खालची कवळी सैल झालेली होती. मानेचा घेर ४३ सेंटिमीटर होता, तोंड तीन बोटे व्यवस्थित उघडत होते, मान मागे नेण्यास अडचण नव्हती आणि मॅलमपाटी वर्ग (तोंड उघडल्यावर घशाचा किती भाग दिसतो याची एक ते चार अशी श्रेणी) तिसरा होता. दाढी दाट होती आणि छातीपर्यंत आलेली होती.

झोपेविषयी रुग्णाला विचारले तेव्हा त्यांनी काही त्रास नसल्याचे सांगितले. खरी माहिती पत्नीकडून मिळाली. "घोरता घोरता मधेच गप्प होतात, मला वाटतं श्वासच बंद झाला, आणि मग एकदम दचकून उठतात," असे त्या म्हणाल्या. घोरणे, झोपेत श्वास थांबल्याचे दुसऱ्याने पाहणे, रक्तदाब, पन्नाशीपुढचे वय, मानेचा मोठा घेर आणि पुरुष असणे, असे स्टॉप-बँग प्रश्नावलीचे आठपैकी सहा मुद्दे येथे जुळतात, आणि पाच किंवा अधिक मुद्दे जुळले तर झोपेतील श्वासरोधाची शक्यता मोठी मानली जाते. झोपेत श्वास थांबतो का, हा प्रश्न रुग्णासोबत राहणाऱ्या माणसालाच विचारला पाहिजे. स्वतः झोपलेल्या माणसाला त्याचे उत्तर माहीत असणे शक्यच नाही.

मास्क-वायुवीजन अवघड जाईल का, याचा अंदाज बांधण्यासाठी २००० साली लाँजरोन आणि सहकाऱ्यांनी १५०२ रुग्णांच्या अभ्यासातून पाच लक्षणे पुढे आणली: ५५ च्या वरचे वय, २६ च्या वरचा बीएमआय, दाढी, दातांचा अभाव आणि घोरणे. त्या अभ्यासात सुमारे पाच टक्के रुग्णांत मास्कने वायुवीजन करणे कठीण गेले होते, आणि पाचपैकी दोन लक्षणे एकत्र असणे हाच पुरेसा इशारा ठरला होता. आपल्या रुग्णात पाचही लक्षणे होती. पूर्वतपासणीच्या कागदावर मात्र प्रथम केवळ "मॅलमपाटी तीन, इंट्यूबेशन अवघड जाण्याची शक्यता" एवढेच लिहिलेले होते. ही नोंद अपुरी होती, आणि भरही चुकीच्या जागी होता. दात नसलेल्या माणसात लॅरिंगोस्कोपला अडवणारे काही नसते, त्यामुळे ट्यूब टाकणे पुष्कळदा सोपे जाते. अडचण त्याच्या आधी, मास्क बसवताना येते. इंट्यूबेशनचा अंदाज आणि मास्कचा अंदाज हे दोन वेगळे अंदाज आहेत आणि ते कागदावर दोन वेगळ्या ओळींत लिहिले जावेत.

दाढीविषयी भूलतज्ज्ञांनी रुग्णाशी आदल्या दिवशी बोलणे केले. "काका, दाढी थोडी कमी करता येईल का? मास्क नीट बसायला मदत होईल." त्यावर रुग्णाने हात जोडून सांगितले, "डॉक्टरसाहेब, पांडुरंगाला नवस बोललोय. आषाढीला पंढरपूरला जाऊन आल्यावरच दाढीला वस्तरा लावायचा." शस्त्रक्रिया तातडीची असती आणि दुसरा मार्ग नसता तर पुन्हा विनंती करणे योग्य ठरले असते. येथे दुसरे मार्ग होते, म्हणून दाढीचा विषय तेथेच थांबवून त्या मार्गांची तयारी करण्यात आली. रुग्णाच्या श्रद्धेला न दुखावता सुरक्षितता सांभाळता येत असेल, तर तसे करणे हा भूलतज्ज्ञाच्या कौशल्याचाच भाग आहे, असे मी मानतो.

योजना

जागेपणी दुर्बिणीने ट्यूब टाकावी का, याचा विचार झाला. इंट्यूबेशन फार अवघड जाईल असे एकही ठोस चिन्ह नव्हते, पोट रिकामे होते, आणि दुसऱ्या पिढीचा लॅरिंजियल मास्क (तोंडातून घालून स्वरयंत्रावर बसवण्याचे साधन) तोंडात सहज जाईल एवढे तोंड उघडत होते. म्हणून झोपवूनच ट्यूब टाकण्याचे ठरले. मात्र मास्क-वायुवीजन अवघड जाणार हे धरून. दोन चादरींच्या घड्या खांद्यांखाली आणि डोक्याखाली अशा रीतीने रचल्या, की बाजूने पाहिल्यास कानाचे छिद्र आणि छातीच्या हाडाचा वरचा खळगा एका आडव्या रेषेत यावेत. टेबलाची डोक्याकडील बाजू वर केली. स्थूल माणूस उताणा झोपला आणि भूल चढली, की पोटाच्या भाराने फुप्फुसांतील राखीव हवा कमी होते. डोके उंच ठेवल्याने ती काही प्रमाणात टिकते आणि श्वास थांबल्यावर मिळणारा वेळ वाढतो.

दोन मापांचे मास्क, दोन मापांचे गुएडेल एअरवे (जीभ मागे पडू न देणारी, तोंडात बसवण्याची वळणदार नळी), नाकातून घालण्याचा एअरवे, बूजी (ट्यूबला वाट दाखवणारी लवचिक काडी) आणि लॅरिंजियल मास्क उघड्या ट्रेमध्ये ठेवले होते. गळ्यावरील क्रिकोथायरॉइड पडद्याची जागा (सारे उपाय थकल्यास छेद घेऊन श्वासमार्ग उघडण्याची जागा) रुग्ण जागा असतानाच बोटांनी चाचपून पेनाने खूण करून ठेवली, कारण दाट दाढीखाली ती जागा ऐन वेळी शोधणे कठीण असते. दाढीचा हा दुसरा धोका फारसा कोणी बोलून दाखवत नाही. परिचारिकेला आधीच सांगून ठेवले होते, की "दोन हात" असा शब्द ऐकताच तिने बॅगेजवळ यायचे आहे.

पहिला इशारा: भूल देण्यापूर्वीच

भूल देण्याआधी रुग्णाला तीन मिनिटे शुद्ध ऑक्सिजन देताना निवासी डॉक्टरांनी मास्क चेहऱ्यावर हलकेच टेकवून धरला होता. सॅच्युरेशन (रक्तातील ऑक्सिजनचे प्रमाण) ९९ टक्के दिसत होते, त्यामुळे त्यांना सारे ठीक वाटत होते. परंतु बॅग श्वासाबरोबर हलत नव्हती, कॅप्नोग्राफवरची, म्हणजे उच्छ्वासातील वायू मोजणाऱ्या यंत्रावरची, कार्बन डायऑक्साइडची लहर बुटकी आणि तुटक होती, आणि बाहेर पडणाऱ्या श्वासातील ऑक्सिजन ७० टक्क्यांच्या आसपास अडकून होता. रुग्ण मास्कच्या कडेने खोलीतील हवा आत ओढत होता. रक्तातले सॅच्युरेशन साध्या हवेवरही चांगलेच असू शकते. फुप्फुसांतील नायट्रोजनच्या जागी ऑक्सिजन भरला का, हे त्यावरून कळत नाही. ते उच्छ्वासातील ऑक्सिजनच सांगतो, आणि तो ९० टक्क्यांपर्यंत नेणे हे उद्दिष्ट असते. जेथे हा आकडा दाखवणारे यंत्र नाही, तेथे हलणारी बॅग आणि कॅप्नोग्राफची भरीव, सपाट माथ्याची लहर यांवरून अंदाज बांधावा लागतो. ऑक्सिजन देतानाच मास्क नीट बसत नसेल, तर भूल चढून स्नायू सैल पडल्यावर तो आणखीच वाईट बसेल, हे सांगणारा हा पहिला आणि सर्वांत स्वस्त इशारा आहे.

दाढीसाठी दोन उपाय प्रचलित आहेत. मास्कच्या कडेखाली येणाऱ्या केसांवर भरपूर वंगण-जेली लावणे, किंवा जखमेवर लावण्याची पारदर्शक चिकट फिल्म नाक-तोंडासाठी छेद ठेवून दाढीवर चिकटवणे. दोन्ही एकाच जागी करू नयेत, कारण जेलीवर फिल्म चिकटत नाही आणि मास्कसह सगळेच घसरू लागते. येथे रुग्णाला समजावून फिल्म लावण्यात आली. छेद इतका मोठा ठेवला, की फिल्मची कड श्वासाबरोबर तोंडात ओढली जाणार नाही. त्यानंतर बॅग हलू लागली आणि उच्छ्वासातील ऑक्सिजन ९० टक्क्यांवर पोहोचेपर्यंत थांबूनच भूल देण्यात आली. हा जादा वेळ वाया गेलेला नाही; पुढे जे घडले त्यात तो एकेक सेकंद उपयोगी पडला.

भूल दिल्यानंतरची तीन मिनिटे

फेंटॅनिल (तीव्र वेदनाशामक) आणि त्यानंतर प्रोपोफॉल (झोप आणणारे औषध) हळूहळू दिल्यावर पापणीची प्रतिक्रिया गेली आणि श्वास थांबला. निवासी डॉक्टरांनी नेहमीप्रमाणे डाव्या हाताने सी-ई पकड घेतली, म्हणजे अंगठा आणि तर्जनी यांचा कंस मास्कवर आणि उरलेली तीन बोटे जबड्याच्या हाडावर. उजव्या हाताने बॅग दाबली. मास्कच्या उजव्या कडेने फुसफुस आवाज आला, बॅग रिकामी झाली, छाती हलली नाही आणि पडद्यावर कार्बन डायऑक्साइडची रेघ जवळजवळ सपाट राहिली.

त्यांनी ऑक्सिजनचा प्रवाह वाढवला, मग फ्लशचे (ऑक्सिजन एकदम जोराने सोडणारे) बटण दाबून बॅग पुन्हा पुन्हा भरली आणि मास्क खाली अधिक जोराने दाबला. हे अनुभवी माणसाच्या हातूनही घडते. फ्लशने भरलेली बॅग पाहून हवा जात असल्याचा आभास होतो, पण प्रत्येक दाबाबरोबर ती त्याच भगदाडातून बाहेर जाते. आणि मास्क वरून दाबला, की जबडा मागे ढकलला जातो व जीभ घशाच्या मागच्या भिंतीला टेकते. म्हणजे गळती थांबवण्याच्या प्रयत्नात अडथळा निर्माण होतो. मास्क चेहऱ्यावर दाबायचा नसतो, चेहरा मास्कमध्ये उचलून आणायचा असतो. त्यातही बोटे हाडावरच हवीत. हनुवटीखालच्या मऊ भागात बोटे रुतली, तर तीच जिभेला वर ढकलतात.

गळतीचे कारण रुग्णाच्या चेहऱ्यातच होते. दात गेल्यावर काही वर्षांत जबड्याचे हाड झिजते, गाल आत बसतात आणि नाकापासून हनुवटीपर्यंतची उंची कमी होते. त्यामुळे नेहमीचा मास्क या चेहऱ्याला लांब पडतो. त्याचा खालचा काठ हनुवटीच्या खळग्याऐवजी हनुवटीच्या पुढे, आधाराशिवाय लोंबतो, आणि खोल गेलेल्या गालांपाशी दोन्ही बाजूंना फटी राहतात. कवळी घट्ट बसणारी असती तर ती मास्क-वायुवीजन होईपर्यंत तोंडातच ठेवून लॅरिंगोस्कोपीपूर्वी काढणे हा चांगला पर्याय होता, कारण तिच्याने गालांना आधार मिळतो. खालची कवळी सैल असल्याने ती घशात सरकण्याची भीती होती, म्हणून दोन्ही आधीच काढलेल्या होत्या. गालांत गॉझचे बोळे भरण्याची पद्धतही काही ठिकाणी आहे. मी तिच्या बाजूचा नाही. घाईत भरलेला बोळा घाईतच विसरला जातो.

या टप्प्यावर वरिष्ठ भूलतज्ज्ञांनी "दोन हात" असे मोठ्याने म्हटले आणि परिचारिका बॅगेजवळ आली. त्यांनी मास्क किंचित वर सरकवून त्याचा खालचा काठ हनुवटीवरून उचलला आणि खालच्या ओठाच्या वर, ओठ आणि हिरडी यांच्यामध्ये बसवला. दात नसलेल्या रुग्णांत मास्क असा खालच्या ओठावर ठेवल्यास गळती मोठ्या प्रमाणात घटते, हे २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मोजून दाखवलेले आहे. चेहऱ्याची कमी झालेली उंची आणि मास्कची लांबी यांचा मेळ त्यामुळे पुन्हा बसतो. आपल्या रुग्णात या पद्धतीचा आणखी एक फायदा झाला: मास्कचा खालचा काठ हनुवटीवरच्या दाढीतून सुटून थेट ओठाच्या ओल्या, केसविरहित पृष्ठभागावर आला. फुसफुस आवाज थांबला.

आणि तेव्हाच दुसरा बिघाड दिसला. आता बॅग हाताला घट्ट लागत होती, सर्किटमधील दाब २५ सेंटिमीटर पाण्याच्या वर जात होता, पण छाती उचलत नव्हती आणि कॅप्नोग्राफवर केवळ एक लहानसा उंचवटा येत होता. गळती होती तोवर दाब तयारच होत नव्हता, त्यामुळे घसा बंद आहे हे कळायला मार्ग नव्हता. सॅच्युरेशन या वेळी ९६ टक्के होते. ऑक्सिजनने फुप्फुसे भरून घेतलेली असल्यामुळे हा आकडा उशिरा खाली येतो. म्हणून ९६ या आकड्याने धीर मिळण्याचे काही कारण नव्हते. कॅप्नोग्राफ त्या क्षणाची स्थिती सांगतो, तर बोटावरचा प्रोब थोड्या वेळापूर्वीची. २०१४ च्या जपानी भूलशास्त्र संघटनेच्या मार्गदर्शक तत्त्वांत मास्क-वायुवीजनाची प्रत कॅप्नोग्राफच्या लहरीच्या आकारावरूनच ठरवली आहे. लहरीला सपाट माथा आहे का, नुसताच उंचवटा आहे का, की काहीच नाही, हे खोलीतल्या प्रत्येकाला दुरूनही दिसते, आणि माझ्या मते तिची हीच सर्वांत मोठी उपयुक्तता आहे.

अडथळ्यासाठी पकड बदलली. दोन्ही तळहातांचे अंगठ्याखालचे मांसल उंचवटे मास्कच्या दोन्ही कडांवर, अंगठे पायांच्या दिशेला, आणि चारही बोटे जबड्याच्या कोनामागे लावून जबडा पुढे उचलला. व्ही-ई नावाने ओळखली जाणारी ही पकड मनगटांना कमी थकवते आणि तिच्यात चारही बोटे जबडा उचलण्यासाठी मोकळी राहतात. श्वास थांबलेल्या, बेशुद्ध रुग्णांत दोन हातांनी जबडा पुढे उचलून केलेले वायुवीजन एकहाती सी-ई पकडीपेक्षा अधिक परिणामकारक असते, हेही २०१० मधील एका अभ्यासाने दाखवले आहे. स्थूल रुग्णांत तर नवख्या हातांनाही दोनहाती व्ही-ई पकड अधिक साधते, असे नंतरच्या अभ्यासांत आढळले. त्याच वेळी ओठाचा कोपरा ते जबड्याचा कोन या अंतराने आधीच मापून ठेवलेला गुएडेल एअरवे तोंडात बसवला. भूल उथळ असताना एअरवे घातल्यास उबळ किंवा स्वरयंत्राचे आकुंचन होण्याचा धोका असतो, म्हणून त्यापूर्वी प्रोपोफॉलची आणखी थोडी मात्रा दिली होती.

उंचवटा थोडा वाढला, पण माथा येईना. सॅच्युरेशन ९२ वर आले. आता रोक्युरोनियम हे स्नायुशिथिलक, म्हणजे स्नायू सैल करणारे औषध, ६० मिलिग्रॅम देण्यात आले. साधारण एका मिनिटात बॅग हलकी झाली, १५ ते १८ सेंटिमीटर दाबाला छाती दोन्ही बाजूंनी उचलू लागली, लहरीला सपाट माथा आला आणि सॅच्युरेशन काही श्वासांतच ९८ वर गेले.

स्नायुशिथिलक केव्हा द्यावे

भूलशास्त्रात पिढ्यान्‌पिढ्या शिकवले गेले, की मास्कने हवा जाते याची खात्री झाल्याशिवाय स्नायुशिथिलक देऊ नये. हवा गेली नाही तर रुग्णाला जागे करता यावे, हा त्यामागचा विचार होता. तो विचार प्रामाणिक आहे, पण प्रत्यक्षात तो फारसा उपयोगी ठरत नाही. प्रोपोफॉल आणि फेंटॅनिल दिलेला, ऑक्सिजन उतरत असलेला रुग्ण आपणहून जागा होईपर्यंतचा वेळ बहुधा हातात नसतो. उलट, मास्क-वायुवीजन अडण्याची जी कारणे भूल दिल्यानंतर निर्माण होतात, म्हणजे अर्धवट भूल, स्वरयंत्राचे आकुंचन, फेंटॅनिलसारख्या औषधांमुळे स्वरतंतू मिटणे किंवा छातीचा पिंजरा ताठर होणे, ती स्नायुशिथिलकाने दूर होतात. म्हणून २०१५ च्या ब्रिटिश डिफिकल्ट एअरवे सोसायटीच्या आणि डिसेंबर २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑल इंडिया डिफिकल्ट एअरवे असोसिएशनच्या मार्गदर्शक तत्त्वांत, ट्यूब आणि लॅरिंजियल मास्क दोन्ही अयशस्वी ठरल्यावर, गळ्यावर छेद घेण्यापूर्वीचा अखेरचा मास्क-वायुवीजनाचा प्रयत्न स्नायू पूर्ण शिथिल असताना करावा असे सांगितले आहे. मास्क ही पहिली पायरी आहे आणि सुरीच्या आधीची शेवटची पायरीही तीच आहे.

माझे मत स्पष्ट आहे: झोपवूनच ट्यूब टाकायची असे ठरलेल्या रुग्णात मास्क-वायुवीजन अडले, पकड आणि एअरवे यांनी ते सुटले नाही, तर सॅच्युरेशन घसरण्याची वाट न पाहता स्नायुशिथिलक द्यावे. या रुग्णात ते ९२ टक्क्यांऐवजी ९६ टक्क्यांवर असतानाच देता आले असते.

याला महत्त्वाची मर्यादा आहे. तोंडाचा किंवा घशाचा कर्करोग, मानेवर घेतलेले किरणोपचार, जबड्याचा सांधा जखडणे, अशा रुग्णांत बिघाड स्नायूंमध्ये नसून रचनेत असतो, आणि स्नायुशिथिलकाने रचना बदलत नाही. महाराष्ट्रात गुटखा, सुपारी आणि खर्रा खाणाऱ्यांत तोंडाच्या आतील अस्तर कडक होऊन तोंड उघडणे कमी झालेले रुग्ण मोठ्या संख्येने दिसतात. त्यांच्या चेहऱ्यावर मास्क उत्तम बसेल, परंतु घशात अडथळा आला तर गुएडेल एअरवे किंवा लॅरिंजियल मास्क आत जाणार नाही, आणि शिथिलक देऊनही तोंड उघडणार नाही. अशा रुग्णाला आधी झोपवून मग विचार करणे योग्य नाही. तेथे जागेपणीच्या इंट्यूबेशनची तयारी लागते.

मास्कने हवा अजिबातच न जाणे दुर्मीळ आहे, पण ते एकटे येत नाही. केटरपाल आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ५३,०४१ भुलींच्या नोंदींत ७७ रुग्णांत मास्क-वायुवीजन अशक्य ठरले, आणि त्यांपैकी १९ जणांत इंट्यूबेशनही अवघड गेले. मानेवरील किरणोपचार, पुरुष असणे, झोपेतील श्वासरोध, मॅलमपाटी तीन किंवा चार आणि दाढी ही त्यामागची प्रमुख चिन्हे होती. त्या यादीत दातांचा अभाव नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. दात नसल्याने मास्क-वायुवीजन अवघड जाते, पण योग्य पकडीने ते जमते. दाढीसोबत श्वासरोध असेल तर परिस्थिती अधिक गंभीर होऊ शकते.

दाब, पोट आणि शल्यचिकित्सक

मास्कमधून दिलेल्या हवेचा दाब फार वाढला, तर ती अन्ननलिकेतून पोटात जाते. साधारण २० सेंटिमीटर पाण्याच्या आत दाब ठेवावा असे सांगितले जाते. अल्ट्रासाउंडने जठर पाहत केलेल्या एका अभ्यासात १५ सेंटिमीटर हा दाब पुरेसे वायुवीजन आणि पोटात हवा न जाणे यांचा सर्वांत चांगला मेळ साधणारा दिसला. एखादा सहकारी बॅग दाबत असेल तर त्याला हा आकडा सांगितलाच पाहिजे, कारण मास्क धरणाऱ्याला बॅगेची घट्टता हाताला जाणवत नाही. दुसरा सहकारी नसेल, तर मशीनवर दाब-नियंत्रित वायुवीजन १५ वर लावून दोन्ही हात मास्कसाठी मोकळे करणे हा छोट्या रुग्णालयातील एकट्या भूलतज्ज्ञासाठी फार उपयुक्त मार्ग आहे, आणि तो पुरेसा वापरला जात नाही असे माझे निरीक्षण आहे. मशीन आत दिलेले आणि परत आलेले आकारमान वेगवेगळे दाखवत असेल, तर त्या दोघांतील फरकच गळतीचे माप देतो.

अडथळा असताना काही श्वास २५ सेंटिमीटरच्या वर गेले होते, म्हणून ट्यूब टाकल्यावर तोंडातून जठरात नळी घालून हवा आणि थोडा द्रव ओढून घेतला. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेत फुगलेले जठर दुर्बिणीसमोर येते आणि पहिली सुई आत जाताना त्याला इजा होण्याचा धोका असतो. शल्यचिकित्सकाला हे सांगून, जठर रिकामे झाल्याची खात्री करूनच सुरुवात झाली.

इंट्यूबेशनमध्ये विशेष काही घडले नाही. अपेक्षेप्रमाणे स्वरयंत्राचा बहुतेक भाग दिसला, पहिल्याच प्रयत्नात ट्यूब बसली आणि कॅप्नोग्राफने खात्री दिली.

शस्त्रक्रियेनंतर

ट्यूब काढतानाही हाच चेहरा आणि हाच घसा समोर असणार होता, तेही दुखणे, वेदनाशामके आणि उरलेली गुंगी यांच्यासह. म्हणून शिथिलकाचा परिणाम पूर्णपणे उतरवून, रुग्ण डोळे उघडून सांगितलेले ऐकू लागल्यावर, डोके उंच ठेवून ट्यूब काढली. मॉर्फिनसारखी औषधे टाळून पॅरासिटामॉल आणि जखमेत स्थानिक भूल यांवर भर दिला. रात्रभर डोके वर ठेवून, सॅच्युरेशनचा प्रोब लावून निरीक्षणाखाली ठेवले. कवळी शुद्धीवर येताच परत दिली. दात नसलेल्या वृद्धाला शुद्ध आल्यावर, त्याचे बोलणे इतरांना समजावे यासाठी, ती लगेच हवी असते. फिल्म काढताना केस ओढले जाऊ नयेत म्हणून कोमट पाण्याने भिजवून सावकाश काढली.

घरी जाताना रुग्णाला झोपेची तपासणी करून घेण्यास सांगितले आणि मराठीत लिहिलेले एक कार्ड दिले, जे पुढच्या कोणत्याही शस्त्रक्रियेच्या वेळी भूलतज्ज्ञाला दाखवायचे आहे. त्यावर असे लिहिले होते: "पूर्ण भूल देताना मास्कने श्वास देणे अवघड गेले. प्रथम गळती (दात नाहीत, दाढी), नंतर घशात अडथळा (झोपेत श्वास थांबण्याची शक्यता). उपयोगी पडलेले उपाय: दाढीवर पारदर्शक फिल्म, मास्कचा खालचा काठ खालच्या ओठाच्या वर, दोन हातांची व्ही-ई पकड, गुएडेल एअरवे, रोक्युरोनियम. इंट्यूबेशन सोपे होते."